रिप्ले पाहिला, तो पकडला जाऊ नये असं कामून वाटायलंय?

लातूरचा_निशाचर: काल दीडपर्यंत जागून १९९९ चा 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले' पाहिला. मॅट डेमन, म्हणजे टॉम रिप्ले, उसना प्रिन्स्टन कॉलेजचा कोट घालून पार्टीत पियानो वाजवतो, कोट बघून एका श्रीमंत बापाला वाटतं हा आपल्या डिकीचा कॉलेजातला दोस्त, अन् तो याला हजार डॉलर देऊन पोराला परत आणायला इटलीला धाडतो, तिथून जे सुरू होतं ते होतं. रोममधे घरमालकिणीचं बोलणं ऐकून डिकीचा दोस्त फ्रेडी परत जिना चढायला लागला तेव्हा माझ्या तळहाताला घाम, अन् काळजी फ्रेडीची नाही, टॉमची! हे मलाच व्हायलंय का? अन् ते मॉन्जिबेलो गाव नकाशात सापडंना.

मोंढ्यावरचा: गाव काल्पनिक आहे, शूटिंग इस्किया अन् प्रोचिदा बेटांवर झालंय. बाकी तुलाच नाही बे, मलाबी झालं. कॉलेजात असताना संभाजीनगरला एका लग्नात दोस्ताचा ब्लेझर घालून गेलतो, बाह्या पार बोटावर यायल्या. एक काका म्हणले इंजिनिअर का तुम्ही? मी हो म्हणलो, मग अर्धा तास त्यांच्या स्लॅबच्या गळतीवर सल्ला देत बसलो. टॉमचं सुरुवातीला हेच आहे, तो थाप मारत नाही, समोरच्याची चूक फक्त दुरुस्त करत नाही.

परभणीची_ताई: याच गोष्टीवरचा १९६० चा फ्रेंच पिक्चर बघा, रने क्लेमाँचा. त्यात टॉम झालेला अलँ दलाँ इतका देखणा आहे की हा गरीब आहे हेच पटत नाही, त्यामुळं दयाही येत नाही. डेमन बीचवर पांढराफटक उभा राहतो ना, तिथंच जीव तुटतो. शेवट मात्र क्लेमाँनं बदललाय, हायस्मिथबाईंच्या १९५५ च्या मूळ कादंबरीत वेगळा आहे. सांगत नाही, आधी बघा.

गोदाकाठ: २०२४ ची सिरीज पण आहे, अँड्र्यू स्कॉटची, आठ भाग, सगळी ब्लॅक अँड व्हाइट. बोटीवर खून पटकन होतो पण नंतरची निस्तरानिस्तर संपता संपत नाही, मला तेच लई आवडलं. घरच्यांना मात्र झोप लागली.

लातूरचा_निशाचर: @मोंढ्यावरचा मग त्या काकांचं काय झालं?

मोंढ्यावरचा: नंबर मागितला त्यांनी. मी दोस्ताचाच दिला, कोट त्याचाच होता ना.