दुसरीतला मुलगा अजून पेरं मोजतो, ही सवय मोडायची कशी?

कुपवाडची आई (सांगली)

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत, सेमी इंग्रजी. बेरीज दिसली की याचा अंगठा पेरांवर फिरायला लागतो. आठ अधिक पाच म्हटलं की आठ तोंडाने म्हणतो आणि पुढचे पाच पेरांवर मोजतो. उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं, पण वेळ लागतो. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, घरी हातांवर बसवून गणितं घाला, नाहीतर पुढे स्कॉलरशिपला बसला की रडेल. व्हॉट्सॲपवर '२१ दिवसांत कोणतीही सवय बदला' असा तक्ता आला होता, तो मी फ्रीजवर चिकटवला. बोटं न लावता दहा गणितं झाली की एक स्टिकर. आता पठ्ठ्या टेबलाखाली हात नेऊन मोजतो. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, "मोजू दे की गं, तुझा सासरा हळदीच्या अडतीतला सगळा हिशोब पेरांवर करत हुता."

जाता जाता आणखी एक. धाकटी पंधरा महिन्यांची आहे. मम्मा, बाबा आणि भूभू, एवढंच बोलते. बाकी सगळं बोट दाखवून 'उं उं'. बोलल्याशिवाय वस्तू द्यायचीच नाही, असं करून बघू का? एकाला बोटं सोडायला लावतेय आणि दुसरी बोटावरच घर चालवतेय.

पाढेवाला (मिरज)

दोन ते तीस पाढे, पावकी, निमकी. रोज दिवेलागणीला, मोठ्याने. आमच्या वेळी बोटं मोजताना दिसलं की त्याच बोटांवर पट्टी बसायची. आज दुकानात कॅल्क्युलेटर लागत नाही मला. तेवढा वेळ नसेल तर अबॅकसचा क्लास लावा.

निवृत्त मास्तर (कोरेगाव, जि. सातारा)

ताई, आधी फ्रीजवरचा तो तक्ता काढा. त्यातून मुलगा बेरीज शिकला नाही, हात लपवायला शिकला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, बहुतेक काळ पहिली-दुसरीच्या वर्गांवर. तुम्ही सांगताय त्यात काळजीसारखं काही नाही. पहिलीतलं मूल आठ अधिक पाच करताना आधी आठ मोजतं, मग पाच मोजतं, मग सगळे परत एकपासून मोजतं. तुमचा मुलगा आठ तोंडात धरतो आणि तिथून पुढे जातो. आठ पुन्हा मोजून बघायची गरज नाही, हे त्याला कळलंय, आणि बहुधा कुणी न शिकवता. यापुढचं म्हणजे आठाचे दहा करणं. पाचातले दोन आठाला द्यायचे, उरले तीन, झाले तेरा. ते हाताला लागलं की मोजणं आपोआप मागे पडतं. त्याआधीच हात बांधलेत तर पोरगं अंदाजे ठोकून द्यायला लागतं. असली पोरं मी वर्गात ढिगाने पाहिली. वहीत 'आठ अधिक पाच बरोबर बारा', आणि चेहरा एकदम साळसूद.

पेरांबद्दल मात्र माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. पेरं हिशोबाला झकास. एका हाताच्या चार बोटांवर बारा मावतात, तुमच्या सासऱ्यांचं बरोबरच होतं. पण पेरं एकामागून एक मोजावीच लागतात. बोटं उघडून धरली तर आठ म्हणजे एक पुरा पंजा आणि वर तीन, हे न मोजता नजरेत भरतं. दहाला किती कमी, हे मिटलेली दोन बोटं सांगतात. म्हणून काही दिवस त्याला पेरांवरून बोटांवर आणा. "सात दाखव" म्हटलं की एकदम सात उघडले पाहिजेत, मोजत नाही. मग "दहाला किती हवेत?" जेवणाच्या पानावर, गाडीवरून जाताना, कुठेही.

आता शिकवणीच्या बाईंसाठी दाखला. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात कॅथरीन थेव्हेनो म्हणून संशोधक आहेत. पाच-सहा वर्षांच्या ज्या मुलांना बोटांनी बेरीज करायची सवय नव्हती, त्यांना त्यांच्या गटाने मुद्दाम ती शिकवली. त्या मुलांची बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेली. अमेरिकेत २०१५ साली इलारिया बेर्तेलेत्ती आणि जेम्स बूथ यांनी आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना वजाबाकी घालून मेंदूची तपासणी केली, तर हात स्वस्थ असतानाही बोटांचा मेंदूतला भाग जागा झालेला दिसला. पाढेवाले, तुम्ही अबॅकस लावा म्हणताय, तर त्या क्लासची पोरं एकदा परीक्षेत बघा. मणी समोर नसतात, तरी बोटं हवेत नाचतात.

आता माझ्या आवडीचा विषय. शिकागो विद्यापीठातल्या सुझन गोल्डिन-मेडो यांनी सारी हयात हातवाऱ्यांच्या अभ्यासात घालवली. तांब्यातलं सारखंच पाणी एका उंच पेल्यात आणि एका पसरट वाटीत ओतून "कुठे जास्त?" असं विचारायचा खेळ बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचा, डीएड केलेल्या सगळ्यांना पाठ. लहान मूल म्हणतं, पेल्यात जास्त, कारण तो उंच आहे. गोल्डिन-मेडो आणि ब्रेकिंरिज चर्च यांनी १९८६ मध्ये दाखवलं की काही मुलांचं तोंड उंचीचं बोलतं आणि त्याच वेळी हात रुंदी दाखवत असतो. अशी मुलं शिकवल्यावर लवकर शिकतात. तोंडाला अजून न सापडलेलं त्यांच्या हाताला सापडलेलं असतं. हे वाचल्यापासून मी वर्गात उत्तर ऐकताना पोरांच्या हातांकडे बघायला लागलो. एक मुलगी होती, "पेल्यात जास्त" असं ठासून सांगायची आणि दोन्ही पंजे वाटीच्या कडांसारखे पसरायची. तिला मी फक्त एवढंच विचारलं, "हे हाताने काय दाखवलंस?" ती थांबली, वाटीकडे बघितलं, परत पेल्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पण ही पसरलीय की." पुढे मला काही शिकवावं लागलं नाही.

पुढे २००८ मध्ये सुझन कुक आणि सहकाऱ्यांनी तिसरी-चौथीतल्या मुलांना समीकरणं शिकवताना काहींना समीकरणाच्या दोन्ही बाजू हातांनी दाखवायला सांगितलं, काहींना नुसतं बोलायला. त्या दिवशी दोघांनाही जमलं. चार आठवड्यांनी ज्यांचे हात हलले होते त्यांच्या जास्त लक्षात होतं.

आणि हातवारे फक्त समोरच्याला दाखवायला असतात असंही नाही. जन्मापासून न दिसणारी माणसं न दिसणाऱ्या माणसाशी बोलतानाही हात हलवतात, असं जना आयव्हरसन आणि गोल्डिन-मेडो यांनी १९९८ मध्ये नोंदवलंय. आमचे शेजारी फोनवर उसाच्या फडाचा पत्ता सांगताना "इकडून वळा" म्हणत सगळा हात फिरवतात, ते उगाच नाही. पुसेगावच्या यात्रेत बैलाचा भाव टॉवेलाखाली बोटं दाबून ठरतो, पण तो वेगळा विषय.

सवयीचं. एकवीस दिवसांचं कुठून आलं देव जाणे. लंडनमध्ये २०१० साली फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांना रोज एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली, जेवताना फळ खाणं, जेवणाआधी धावणं अशी. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागतील, तर कुणाला २५४, असा हिशोब निघाला. मधला आकडा ६६. तोही मोठ्या माणसांचा आणि त्यांनी स्वतः निवडलेल्या सवयीचा. सवय बदलायचीच असेल तर तुमची बदला. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची युक्ती सोपी आहे, 'असं झालं की मी तसं करीन' हे आधीच ठरवून ठेवायचं. त्याचा अंगठा पेरावर गेला की मी "बोटं काढ" म्हणणार नाही, "कसं काढलंस ते दाखव" म्हणेन. एवढंच ठरवा.

तिसरी संपत आली तरी आठ अधिक पाचला परत एकपासून मोजत असेल, तर मात्र शाळेत बोला.

अंगणवाडीवाली (तासगाव)

मास्तरांनी धाकटीला विसरूनच टाकलं, म्हणून मी लिहिते.

ताई, वस्तू अडवून ठेवू नका. बोट दाखवणं हेच तिचं बोलणं आहे सध्या. आयव्हरसन आणि गोल्डिन-मेडो यांचाच २००५ चा अभ्यास आहे. मूल ज्या वस्तूंकडे आधी बोट दाखवतं, बहुतेक त्यांचीच नावं पुढे तोंडात येतात. एक शब्द आणि एक बोट यांची जोडी जमली की थोड्याच काळात दोन शब्दांचं वाक्य येतं. उदाहरण माझं घ्या, बोट चपलेकडे आणि तोंडाने "बाबा". म्हणजे बाबांची चप्पल. तुम्ही लगेच म्हणायचं, "हो, बाबांची चप्पल." झालं तुमचं काम.

बघायचं ते वेगळं. ती नुसतं मागायला बोट दाखवते, की कावळा दिसला, ट्रॅक्टर आला की तुम्हाला दाखवायला पण? दाखवून तुमच्या तोंडाकडे बघते का? पाठीमागून हाक मारली तर वळते का? वळत नसेल तर आधी कान तपासून घ्या, 'मुलं उशिरा बोलतात' म्हणून गप्प बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तेव्हा नाव सांगून तपासून घ्या.

शिकागोतल्या ५० घरांत मेरेडिथ रो यांनी चौदा महिन्यांच्या मुलांचं दीड दीड तास चित्रीकरण केलं होतं. चांगल्या परिस्थितीतली मुलं हाताने सरासरी २४ वेगवेगळ्या गोष्टी सांगत होती, गरीब घरातली १३. आईबाप जितके हाताने दाखवतात तितकी मुलं दाखवतात, आणि साडेचार वर्षांच्या वयातल्या शब्दांशी त्याचा संबंध दिसला. आमच्याकडे येणाऱ्या बायका दिवसभर द्राक्षबागेत असतात, त्यांना मी हेच सांगते. पैसे लागत नाहीत, बोट लागतं.

कुपवाडची आई

मास्तर, तक्ता काढला. "कसं काढलंस" विचारलं तर म्हणतो "मनात", आणि हात पाठीमागे. धाकटी कावळा दाखवते आणि वळून बघते, कान ठीक वाटतात. पण शिकवणीच्या बाईंना सांगू काय? त्या ऐकणाऱ्यांतल्या नाहीत.

पाढेवाला

पाढे सोडू नका एवढंच माझं म्हणणं. बाकी हवेतली बोटं आमच्या पुतण्याची मी पाहिलीत, ते खरं आहे.

निवृत्त मास्तर

पाढे हवेतच, त्यावर भांडण नाही. ताई, हात पाठीमागे जातो तो तक्त्याचा शिल्लक हिशोब. तुम्हीच आधी त्याच्यासमोर बोटं उघडून मोजा. दुधाचं बिल, भाजीचं बिल, मोठ्याने. बाईंना अभ्यासाबिभ्यासाचं काही सांगू नका. म्हणा, "महिनाभर त्याला टेबलावर हात ठेवून मोजू द्या, मग चाचणी घ्या." नाहीच म्हणाल्या तर शिकवणी बदला. दुसरीच्या पोराला शिकवणी कशाला लागते, हे मला तसंही कळलेलं नाही.