बाईंच्या वहीतल्या रेघा : तुमच्या आठवणी सांगा

नात, सोलापूर

आजीला जाऊन येत्या पौषात वर्ष होईल. गेली ती ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत. आधी शाळेत संगीत शिक्षिका आणि निवृत्तीनंतर शुक्रवार पेठेतल्या आमच्या माडीवर शिकवणी, असं तिचं आयुष्य गेलं. सगळे तिला ‘बाई’ म्हणायचे. मला ती बाई म्हणून फारशी भेटलीच नाही. माझ्यासाठी ती शेंगा भाजणारी, खलबत्त्यात चटणी कुटणारी आजी. वर माडीवर काय चालायचं ते मी जिन्यातून ऐकलेलं तेवढंच.

परवा माळ्यावरून तिच्या फीच्या वह्या काढल्या. लाल कापडी पाठीच्या, लांबट. नाव, परीक्षा (प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा), फी, तारीख असे रकाने. काही नावांखाली एक छोटी आडवी रेघ आहे, हातानंच मारलेली. त्यांच्यापुढचा फीचा रकाना कधी कोरा, कधी भरलेला. बाबांनाही उलगडा होत नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर तुमच्या बाई कशा होत्या ते सांगा, मला ऐकायचंय.

साखर पेठेतली शिष्या, आता हैदराबाद

ताई, आमच्या घरात चार माग होते, चादरींचे. दिवसभर खटखट. मी गायला लागले की बाई म्हणायच्या, "सूर बरा आहे, पण सम कुठं गेली तुझी?" सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. दोन महिने तेच. मग एके दिवशी त्या आमच्या घरी आल्या, मागाशेजारी स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. मग म्हणल्या, "मागाचे सगळे ठोके सारखे पडतात. तू लहानपणापासून हेच ऐकलंयस, म्हणून तुला सगळ्या मात्रा सारख्या वाटतात." दुसऱ्या दिवसापासून गाणं बंद. फक्त हातावर तीनताल. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात रिकामा. माग चालू असताना घरी हेच करायचं. पंधरा दिवसांत सम सापडली.

त्या घरी आल्या त्याच दिवशी आमच्या नानम्मानं (वडिलांच्या आईनं) त्यांना एक तेलुगू भजन म्हणून दाखवलं. बाई चकित! "अगं, हा तर आपला भूप राग. मध्यम नाही, निषाद नाही. तुमच्याकडे याला मोहनम् म्हणतात." नानम्माला मराठी जेमतेम, बाईंना तेलुगू अजिबात नाही. तरी दोघी तासभर गात होत्या. आई चहा ठेवायचीही विसरली.

पुढं सूत महागलं, माग बंद पडले. मी जायचं थांबवलं, तर निरोप आला, "फी मागितलीय का मी?" माझ्या नावाखाली रेघ असणार. फी नाही त्यांची ती खूण, असं मला वाटतं.

मध्यमा पूर्णपर्यंत शिकलेला, अशोक चौक

फीची खूण नसावी. मी एक महिनाही फी चुकवली नाही, वडील नोकरीत होते. पण रेघ मी स्वतः पाहिली आहे, कारण वही उघडी राहिली होती आणि मी विचारलंही होतं. बाई म्हणल्या, "स्वराखाली रेघ असली तर काय?" मी म्हणालो, "कोमल." भातखंड्यांच्या स्वरलिपीत कोमल स्वर तसाच लिहितात, आम्ही रोज वहीत लिहायचो. त्या "हं" म्हणाल्या आणि वही मिटली.

त्या पावसाळ्यात माझी आई गेली होती. सहा महिने बाई मला एका शब्दानं रागावल्या नाहीत. इतरांना तान चुकली की पेटीवर बोट आपटायच्या. माझ्यावेळी पुन्हा सा धरायच्या. तेव्हा मला वाटायचं, मी सुधारलोय.

शेजारच्या काकू

मला वहीतलं कळत नाही. गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी पोरांना सुट्टी असायची आणि बाई स्वतः हात जोडून मिरवणुकीतल्या नंदीध्वजांची वाट बघत उभ्या राहायच्या. पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, त्या दिवशी आमचं भरून होईपर्यंत शिकवणी उशिरा सुरू करायच्या.

शिष्या, श्रवणतज्ज्ञ

शेवटची चार वर्षं बाईंना कमी ऐकू यायचं. कानाचं मशीन कुणीतरी बसवून दिलं होतं, पण त्या ते काढून ठेवायच्या. म्हणाल्या, "माणसं ऐकू येतात, तंबोरा येत नाही." घरच्यांना तो हट्ट वाटला. हट्ट नव्हता तो. ही मशीनं बोलणं ऐकू यावं म्हणून केलेली असतात. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा, मोटार असं धरून ती तो दाबून टाकतात. लांबलेल्या सुराला तर ती मशीनचीच शिट्टी समजतात आणि तो थरथरवतात. मी संगीतासाठी वेगळी जुळणी करून दिली, दाबणं बंद केलं, कंबर कसून सगळं पुन्हा तपासलं. तुम्ही खाली स्वयंपाकघरात होतात ताई, मी माडीवर तंबोरा छेडला. बाई डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, रडतील.

म्हणाल्या, "पंचम उतरलाय."

खरंच उतरला होता, पंचमाची तार सैल झाली होती. मला कळला नव्हता.

नात, सोलापूर

अशोक चौकातल्या दादा, तुमचं पान शोधलं. श्रावणापासून पुढच्या महाशिवरात्रीपर्यंत प्रत्येक महिन्याला तुमच्या नावाखाली रेघ आहे. त्यानंतर नाही. साखर पेठेतल्या ताई, तुमच्या नावाखाली मात्र दोन वर्षं सलग आहे.

एकीच्या नावाखाली फक्त एका महिन्याची रेघ आहे, पुढं तिचं नावच नाही. मध्यमा प्रथमला होती. ती हे वाचत असेल तर बोलावं तिनं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तंबोऱ्याची खोळ काढणार आहे. माझ्या कानाला पंचम कळत नाही. कुणीतरी लावायला या.