लालबहादूर शास्त्री मार्गावरचे काही मॉल ओस का पडले?

मुलुंडवासी :
नमस्कार. मुंबईत कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत या मार्गावरचे कारखाने जसजसे बंद पडत गेले, तसतशी त्यांच्या जागी मॉल आणि गृहसंकुले उभी राहिली. त्यांपैकी २००९ मध्ये सुरू झालेल्या घाटकोपरच्या आर सिटीत आजही रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. भांडुपचा ड्रीम्स मॉल मात्र मार्च २०२१ मधील आगीच्या आधीच बराचसा ओस पडला होता. रस्ता एकच, गिऱ्हाईकही साधारण त्याच वर्गातले. ऑनलाइन खरेदीने मॉल बुडवले असे सर्रास म्हटले जाते, पण मग तिने एकालाच का बुडवावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

चटईक्षेत्र :
आपला प्रश्न रास्त आहे. माझ्या मते खरा फरक मालकीचा आहे. २००४ साली सुरू झालेल्या मालाडच्या इनऑर्बिटसारख्या मॉलमध्ये विकासक जागा स्वतःकडे ठेवून ती भाड्याने देतो, आणि अशा मॉलमध्ये बहुधा ठरावीक भाड्याबरोबर दुकानाच्या विक्रीतील काही टक्केही घेतले जातात. त्यामुळे गर्दी घटली तर पहिली झळ त्यालाच बसते. कोणत्या दुकानाशेजारी कोणते दुकान असावे, फूड कोर्ट आणि चित्रपटगृह वरच्या मजल्यावर नेऊन माणसाला सगळे मजले कसे चढायला लावावेत, न चालणारे दुकान केव्हा हलवावे, हे सगळे एकाच डोक्यातून ठरते. याउलट, जिथे गाळे सुटे विकले गेले, तिथे विकासकाचे पैसे बहुतांशी उद्घाटनाआधीच वसूल झालेले असतात. ड्रीम्समध्ये हजाराच्या आसपास गाळे होते. इतके मालक मिळून एक मॉल कसा चालवणार?

नाइट फ्रँक या सल्लागार संस्थेच्या अहवालानुसार, ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेली खरेदी-केंद्रे देशातील आठ प्रमुख शहरांत २०२२ मध्ये ५७ होती, ती २०२३ मध्ये ६४ झाली. (मेट्रो ४ च्या कामामुळे २०१८ पासून या मार्गावर पत्रे उभे राहिले, त्याचाही त्रास झालाच, पण तो सर्वांना सारखाच झाला.)

गाळा क्रमांक नाही सांगत :
वरील प्रतिसाद वाचून जुनी जखम उघडी पडली. उपनगरातल्याच एका मॉलमध्ये (नाव नको) मी निवृत्तीच्या पैशांतून दुसऱ्या मजल्यावर एक लहान गाळा घेतला होता. पहिला भाडेकरू तयार कपड्यांचा होता, पुढे मोबाइलची कव्हरे विकणारा आला, आणि शेवटी एका शिकवणीने तिथे बाके मांडली. शेजारच्या गाळ्यांचे शटर कायमचे खाली गेल्यावर त्यांच्या मालकांनी देखभालीचे पैसे देणे थांबवले, त्यामुळे आधी वातानुकूलन दुपारपुरते उरले आणि मग सरकते जिने थांबले. थांबलेल्या सरकत्या जिन्याच्या पायऱ्या साध्या जिन्यापेक्षा उंच असतात, हे गुडघे दुखणाऱ्या गिऱ्हाइकांनी मला सांगितले, आणि तेवढे सांगून ती खालूनच परत गेली. मी मात्र देखभालीचे पैसे अजून भरतो, कारण थकबाकी असलेला गाळा विकताही येत नाही.

मुलुंडवासी :
काका, वाचून वाईट वाटले. सर्व गाळेधारकांनी एकत्र येऊन संपूर्ण जागा मॉल चालवणाऱ्या एखाद्या कंपनीकडे सोपवणे शक्य नाही का?

गाळा क्रमांक नाही सांगत :
आम्ही तीन सभा घेतल्या. काही मालक परदेशी आहेत, काही वारले आणि वारसांमध्ये वाद आहेत, तर तळमजल्यावरच्या दर्शनी दुकानांचे बरे चालले असल्याने त्यांना वरच्या मजल्यांसाठी भाडे कमी करून घेण्याचे कारणच दिसत नाही. तिसऱ्या सभेला आम्ही अकरा जण होतो.

चटईक्षेत्र :
ड्रीम्सचा कारभारही अखेरीस न्यायाधिकरणाने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला होता. तिथे आग लागली तेव्हा मॉलच्या वरच्या मजल्यावर कोविड रुग्णालय चालू होते आणि त्यातील रुग्णांचा जीव गेला. खरेदीसाठी बांधलेल्या इमारतीत रिकामी जागा दिसेल त्या कामाला दिली जाते, तेव्हा तिच्या अग्निसुरक्षेची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न काकांच्या मॉलमधील शिकवणीच्या बाकांनाही लागू होतो. पुढच्या सभेत तो आधी घ्यावा, भाड्याचे नंतर पाहता येईल.