आधी ताठ चाल की आधी मोठा मेंदू?

प्रश्न:
हात मोकळे झाले, हत्यारं आली, मग मेंदू वाढला, असं बहुतेक ठिकाणी एका दमात सांगतात. ताठ चाल आणि मोठा मेंदू या दोन बदलांमध्ये नेमका किती काळ गेला? आणि नुसत्या हाडांवरून ‘हा दोन पायांवर चालायचा’ हे कसं ओळखतात?

प्रतिसाद १:
काळ प्रचंड गेला. टांझानियात लेटोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं सुमारे ३६.६ लाख वर्षांपूर्वीची. इथिओपियात १९७४ साली सांगाडा मिळालेली, माणसाच्या कुळातली ‘ल्युसी’ ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिच्या प्रजातीचा मेंदू ४०० ते ५०० घनसेंमी, म्हणजे चिंपांझीपेक्षा फार मोठा नव्हे. आपला सुमारे १३५०. मेंदूची मोठी वाढ गेल्या २० लाख वर्षांतली.

हाडांत चार जागा पाहा. मज्जारज्जू जिथून बाहेर पडतो ते कवटीचं छिद्र आपल्यात तळाच्या मध्याकडे असतं, चिंपांझीत मागे. कटीचं हाड बुटकं, वाडग्यासारखं. मांडीचं हाड गुडघ्याकडे आत कललेलं, म्हणून एक पाय उचलला तरी तोल जात नाही. पायाचा अंगठा बाकी बोटांच्या ओळीत. मात्र एकाच खुणेवर निकाल देऊ नका: माणसाच्या कुळातल्या, ४४ लाख वर्षांपूर्वीच्या आर्डिपिथेकसची कटी चालण्याजोगी, पण अंगठा फांदी पकडणारा!

प्रतिसाद २:
‘हात मोकळे व्हावेत म्हणून’ कोणी उभं राहिलं नाही. उत्क्रांती पुढचं पाहून काम करत नाही. सगळ्यात जुनी दगडी हत्यारं ३३ लाख वर्षांपूर्वीची, चाल त्याआधीची. ‘जंगल संपलं, गवताळ रान आलं’ हेही अपुरं, कारण आर्डिपिथेकसच्या हाडांसोबत झाडीतल्या प्राण्यांची हाडं मिळतात. मला ऊर्जेचा मुद्दा सर्वात भक्कम वाटतो. २००७ साली चिंपांझींना ट्रेडमिलवर चालवून मोजलं, तेव्हा माणसाच्या चालीचा खर्च त्यांच्या जेमतेम चौथा हिस्सा निघाला. फळझाडं विरळ झाली की ही बचत जीव वाचवते.

प्रतिसाद ३:
मेंदूचं गणित उलटं. वजन शरीराच्या २ टक्के, पण विसावलेल्या शरीराची २० टक्के ऊर्जा तो खातो. त्यामुळे ‘मेंदू का वाढला’ याआधी ‘परवडला कसा’ हे विचारायला हवं. मांस, हाडांतला मगज, कुटलेलं आणि पुढे शिजवलेलं अन्न ही उत्तरं पटतात. आतडं आखूड झालं आणि वाचलेली ऊर्जा मेंदूला मिळाली, हा १९९५ चा विचार अजून सर्रास सांगितला जातो. पण २०११ मध्ये १०० सस्तन प्रजाती तपासल्या, तेव्हा आतडं आणि मेंदू यांचा तसा व्यस्त संबंध आढळला नाही.

आणि वाढ सगळ्या शाखांत झालीच असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतला होमो नालेदी (नामशेष झालेली एक मानव प्रजाती) सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचा, दोन पायांवर चालणारा. त्याचा मेंदू फार तर ६१० घनसेंमी.