द्विमितीय गेममधील पैलवान: चित्रे वाढवावीत की चालीचे गणित सुधारावे?

खानापूरकर: आखाड्यातील कुस्तीवर आमचा एक छोटा गट मोबाइल गेम तयार करीत आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या पाहिलेल्या बेळगावकराला आमच्या पैलवानाची चाल खोटी वाटू नये, एवढीच अपेक्षा आहे. सध्या तो पळताना अडखळतो, म्हणून पळण्याची आठ चित्रे चोवीसवर न्यावीत असा गटाचा आग्रह आहे. माझा त्याला विरोध आहे. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगते आणि पैलवान सेकंदाला १४४ पिक्सेल सरकतो, म्हणजे दर फ्रेमला, अर्थात स्क्रीनच्या प्रत्येक रंगण्याला, २.४ पिक्सेल. पूर्ण पिक्सेलवर बसवताना तो कधी दोन, तर कधी तीन पिक्सेल पुढे जातो आणि डोळ्याला खटकते ती हीच विषमता. वेग १२० ठेवला, तर दर फ्रेमला नेमके दोन पिक्सेल येतात. दुसरा दोष पायांचा आहे. चित्र घड्याळाप्रमाणे बदलते, वेग मात्र खेळणाऱ्याच्या बोटावर अवलंबून असतो. त्यामुळे मातीत रोवलेला पाय घसरताना दिसतो. आठ चित्रांत ९६ पिक्सेल कापायचे असतील, तर दर १२ पिक्सेलना चित्र बदलावे. चोवीस चित्रे काढूनही यांपैकी एकही दोष जाणार नाही.

निपाणीकर: गणित बरोबर आहे, पण ते पळण्यापुरतेच. सलामी झाल्यावर दोन पैलवान एकमेकांचा अंदाज घेत संथपणे फिरतात, तेव्हा वेग ४८ पिक्सेलवर आला, तर आपल्या नियमाने सेकंदाला चारच चित्रे दिसतील. त्याला चाल म्हणायचे की छायाचित्रांचा अल्बम? संथ हालचालीलाच चित्रे जास्त लागतात. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’साठी जॉर्डन मेकनर यांनी आपल्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण करून त्यावरून चित्रे घेतली होती, त्या पात्राला वजन आले ते या निरीक्षणामुळे. तुम्हीही तालमीतल्या एखाद्या पोराचे चित्रण करा आणि मग चित्रे मोजा.

शहापूरकर: चित्रातले हात, मांडी, धड वेगळे कापून संगणकातल्या सांधेजोड सांगाड्यावर बसवावेत, म्हणजे मधल्या स्थिती संगणकच भरतो. उद्या लांगेचा रंग बदलायचा ठरला, तर शेकडो चित्रे पुन्हा रंगवावी लागणार नाहीत.

वडगावकर: शहापूरकरांशी मी असहमत आहे. पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरून ओढताना, पैलवान वाकतो, खांदा मांडीआड जातो आणि पाठ समोर येते. कापलेल्या तुकड्यांना हे वळण जमत नाही आणि पैलवानाची कळसूत्री बाहुली होते. शिवाय संगणकाने भरलेल्या मधल्या स्थिती समान अंतराच्या असल्या, तर आपटण्यातला जोरच निघून जातो. उचललेला पैलवान वर क्षणभर थांबला पाहिजे आणि खाली एक-दोन चित्रांतच आला पाहिजे.

खानापूरकर: संथ फिरण्यासाठी चित्रांचा वेगळा संच लागेल, हा निपाणीकरांचा आक्षेप रास्त आहे. डावांच्या बाबतीत मात्र चित्रे वाढवणे घातक ठरेल असे माझे मत आहे. पट काढण्याआधीच्या झुकण्याला सहा चित्रे दिली आणि ती सेकंदाला बारा या गतीने दाखवली, तर बटण दाबल्यावर अर्धा सेकंद काहीच घडत नाही, आणि तोवर खेळणाऱ्याचा विश्वास उडालेला असतो. पकड लगेच दिसावी आणि शरीराचा भार नंतरच्या चित्रांत दाखवावा.

निपाणीकर: उडी मारण्याच्या गेममध्ये हे मी मान्य केले असते. कुस्तीत मात्र समोरच्याचा खांदा खाली आला की मागे सरायचे, हाच तर खेळ आहे. ते झुकणेच दिसले नाही, तर बचाव कशाच्या आधारे करायचा? खेळणाऱ्याच्या पैलवानाला झुकण्याचे एकच चित्र द्या, हवे तर. संगणकाच्या पैलवानाला किमान चार तरी हवीत.

वडगावकर: आणि दोन माणसे समोरासमोर खेळत असतील, तर? तेव्हा दोन्ही पैलवान खेळणाऱ्यांचेच असतात.