फक्त शेवटचा 5 दुहेरी असेल तर
1955 च्या अमेरिकन सेंटवर सालातला शेवटचा 5 दुहेरी दिसतो, मग हाच तो प्रसिद्ध ‘डबल डाय’ (दुहेरी ठशाच्या साच्यातून निघालेलं नाणं) का, असं तुम्ही विचारलंय. फोटो पाहून सांगतो, नाही. खऱ्या नाण्यात अख्खं साल, ‘लिबर्टी’ आणि लिंकनच्या डोक्यावरचं बोधवाक्य, सगळंच नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसतं. कारण साचा घडवतानाच दुसरा दाब किंचित फिरून बसला होता. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतून अशी अंदाजे 20,000 नाणी बाहेर पडली. तुमच्या 5 भोवतीची पुसट सावली झिजलेल्या साच्याची आहे, असे सेंट भरपूर मिळतात. नाणं तिरप्या उजेडात धरून भिंगातून अक्षरांची टोकं बघा: खऱ्या दुहेरी ठशात ती दुभंगलेली असतात. आणि कृपा करून नाणं घासू नका, लिंबाने तर मुळीच नको.