भारतीय महिला बास्केटबॉल संघ वरच्या गटात का टिकत नाही? अडचण खरोखर उंचीची आहे का?

फोंड्याहून एक पालक
नमस्कार. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतील (2023) भारत-चीन महिला बास्केटबॉल सामना परवा मुलीसोबत पुन्हा पाहिला. पुण्याच्या शिरीन लिमये यांच्या नेतृत्वाखालील आपल्या संघाने इंडोनेशिया आणि मंगोलियाला हरवले होते. चीनपुढे मात्र 53-111. 2017 मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला 75-73 असे नमवून आपण वरच्या अ गटात गेलो, आणि 2021 मध्ये अम्मानला आठवे येऊन पुन्हा खाली आलो. हे सारे उंचीमुळेच होते का? विचारण्याचे कारण घरचे आहे. मुलगी तेरा वर्षांची, उंची पाच फूट एक इंच. शाळेच्या निवडीत ‘उंची नाही’ एवढे दोन शब्द बोलून तिला बाजूला बसवले.

जुना गार्ड, मडगाव
ताई, चीनपुरते बोलायचे तर उंचीचे उत्तर खोटे नाही. हान शू आणि ली युएरू या दोघी दोन मीटरहून उंच; त्या बास्केटखाली उभ्या असताना रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा परत आलेला चेंडू) मिळवणे कुणालाही कठीणच. पण अम्मानचा शेवटचा सामना आठवा. तिथे फिलिपिन्सकडून आपण 70-74 असे हरलो, म्हणजे ज्या पराभवाने खाली उतरवले तो अवघ्या चार गुणांचा. चार गुण म्हणजे दोन लेअप (बास्केटजवळून केलेल्या फेकी) किंवा चार फ्री थ्रो (फाउलनंतरच्या मोकळ्या फेकी). त्यांचा उंचीशी संबंध कमी आणि शेवटच्या पाच मिनिटांत हात न थरथरण्याशी जास्त.

मोठी तफावत कशी पडते, हे टीव्हीवर नीट कळत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. बास्केट झाल्यावर आपली गार्ड (चेंडू पुढे नेणारी खेळाडू) चेंडू घेते, लगेच दोघीजणी तिला रेषेजवळ कोंडतात, आणि आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची असल्याने ती घाईने उंच, लांब पास टाकते. तो मध्येच अडवला गेला की समोर मोकळा लेअप. आपला एक हल्ला बुडाला आणि त्यांचे दोन गुण वाढले, असा दुहेरी तोटा. मी कॉलेजात खेळत असताना आमचे प्रशिक्षक गुणांऐवजी टर्नओव्हरच्या (चेंडू गमावल्याच्या) रेघा मारत; मध्यंतराला वही पुढे धरत आणि एक शब्दही बोलत नसत. त्या रेघा पाहून जी मान खाली जाई, ती फलकावरच्या आकड्याने कधी गेली नाही.

असा दाब सोसण्याची सवय केवळ सरावाने लागत नाही. त्यासाठी आपल्याहून वरचढ संघांशी वर्षभर सामने हवेत. भारताच्या माजी खेळाडू गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात जाऊन क्लबकडून खेळल्या, ते म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. राष्ट्रीय संघ मात्र एका स्पर्धेपुरता एकत्र येतो, आणि पुढची स्पर्धा येईपर्यंत निम्मे शिकलेले विसरतो.

डिचोलीकर
उंचीच्या मुद्द्याला जपानचे उदाहरण पुरे आहे. 2013 ते 2021 या काळातील सलग पाचही आशिया चषक त्यांनी जिंकले, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यांची पॉइंट गार्ड रुई माचिदा 162 सेंटीमीटरची. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिने 18 असिस्ट दिले, म्हणजे तिच्या पासवर अठरा वेळा सहकाऱ्यांनी बास्केट केले. मुलीला तो सामना अवश्य दाखवा.

गोव्यापुरते सांगायचे तर आमच्या बहुतेक शाळांत कोर्ट उघड्यावर, सिमेंटचे. जून ते सप्टेंबर त्यावर शेवाळ धरते आणि पाय घसरतो, त्यामुळे सराव सुटतो तो थेट चतुर्थीनंतरच सुरू होतो. नावेलीला इनडोअर स्टेडियम आहे, पण सत्तरीच्या मुलीने संध्याकाळी तिथे पोचायचे कसे? (बसचे वेळापत्रक हा वेगळाच विषय आहे.)

फोंड्याहून एक पालक
मनापासून आभार. माचिदाचा सामना पाहिला. मुलीने तो दोनदा मागे नेऊन पाहिला. आता एक छोटी शंका. तिचा पास लांब जात नाही, अशी शाळेत तक्रार असते. घरी करून घेण्यासारखे काही आहे का?

जुना गार्ड, मडगाव
आधी चेंडूवरचा आकडा पाहा. महिलांच्या सामन्यात 6 क्रमांकाचा चेंडू असतो. 7 क्रमांकाचा पुरुषांचा, घेराने मोठा आणि वजनाने जड. अनेक शाळांत एकच पेटी असते आणि मुलींच्या हातीही सातच येतो. त्यानंतर भिंतीपासून चार पावलांवर उभे राहून छातीजवळून दोन्ही हातांनी पास, रोज शंभर. चेंडू परत येईल तो पाय न हलवता घ्यायचा.

फोंड्याहून एक पालक
आज शाळेत जाऊन पाहिले. सातच आहे.